जुन्या लाकडावरची ग्रोझेई

"हात मागे, डोळे पुढे!"

एर्मांस कोलिन्योंच्या बागेचे फाटक ढकलून जो कोणी आत येई, त्याला पहिल्यांदा हे ऐकावे लागे. पोस्टमन असो, चर्चचे पाद्रीबाबा असोत, नाहीतर गटाराची मोजणी करायला आलेला नगरपालिकेचा माणूस असो, सगळ्यांना एकच हुकूम. माणसे हसायची, पण हात मागे बांधायची. ती स्वतःही बागेत तशीच हिंडे. हात पाठीशी, मान जरा पुढे, आणि एकेका झुडपापुढे इतका वेळ उभी, की शेजारच्या उर्स्युलने भिंतीवरून विचारावे, "काय गं, कबुलीजबाब घेतेस का त्याचा?" मग कधी एप्रनच्या खिशातून कात्री निघे आणि एक फांदी खाली पडे. कधी काहीच न कापता ती पुढच्या झुडपाकडे वळे.

झुडपे बारा होती. फ्रान्समधल्या बार-ल-द्यूक गावच्या वरच्या पेठेतून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत तिचे घर, घरामागे उतरती बाग, आणि बागेत दगडी भिंतीला धरून दोन ओळींत बारा ग्रोझेई. आमच्या गल्लीत ग्रोझेई कुणाच्या दारी नाही असे घर नव्हते. पण जुलैमध्ये एर्मांसच्या झुडपांवर जे घोस लोंबत, तसे दुसरीकडे नव्हते. वाटाण्याहून लहान दाणे, तांबडे लाल, आणि उन्हात धरले तर आतल्या बिया मोजता येतील इतके नितळ. साल मात्र चिवट. त्या चिवट सालीवरच तिचे अर्धे आयुष्य गेले होते.

झुडपे तिच्या आईची. एकोणीसशे सोळा सालच्या लढाईत खालच्या रस्त्याने व्हर्दनच्या आघाडीकडे रात्रंदिवस ट्रक जात. धुळीने गल्लीतली झाडे पांढरी पडली होती. बारा वर्षांची एर्मांस आणि तिची आई ओल्या फडक्याने ग्रोझेईची पाने पुसत बसायच्या. एक झुडूप संपवून दुसऱ्याकडे जावे तोवर पहिले पुन्हा पांढरे. लोक म्हणाले, बाईचे डोके फिरले, माणसे मरताहेत आणि ही पाने पुसतेय. त्या जुलैमध्ये आईने परात भरून घोस स्टेशनशेजारच्या इस्पितळात नेले. ज्यांना दुसरे काही गिळता येत नव्हते, त्या जखमी पोरांच्या ओठांवर तिने एकेक दाणा फोडला. एर्मांस परात धरून उभी होती. त्यानंतर झुडपांविषयी कुणी चेष्टेने बोलले की तिला ते लागायचे, आणि लागले की ती बोलायची. तिच्या जिभेला धार होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक होते.

लग्नानंतरही ती याच घरात राहिली. नवरा आन्सेल्म रेल्वेत, तो इथे राहायला आला. जुलै आला की ती आणि उर्स्युल खिडकीशी खुर्च्या टाकून बसत. हातात पाळीव हंसाचे पीस, टोकाला तिरके कापलेले. एक दाणा डाव्या हाताच्या बोटांत धरायचा, देठाशी पिसाने बारीक चीर द्यायची, टोकाने बिया एकेक करून काढायच्या आणि साल पुन्हा मिटवायची. दाणा फुटता कामा नये, रस सांडता कामा नये. मग तो दाणा पाकात जाई आणि बरणीत अख्खा, लालचुटूक दिसे. हे काम आमच्या गावातल्या बायका शेकडो वर्षे करत आल्या. खालच्या पेठेतल्या मिठाईवाल्यासाठी एर्मांसने हे तीस उन्हाळे केले. पुढे ते काम सुटले, तरी स्वतःच्या झाडांच्या दाण्यांचे ते करतच राहिली. गल्लीत मूल जन्मले की त्या घरात एक छोटी बरणी जायची. कोणी मागत नसे, आणि कोणी नाकारतही नसे.

आता झाडाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा संताप तिच्यावर उभा आहे.

ग्रोझेईचे फळ जुन्या लाकडाला धरते. दोन, तीन, चार वर्षांची फांदी काळपट होते, खडबडीत होते, तिच्या अंगावर बारीक कळ्यांचे गुच्छ येतात, आणि तिथेच घोस लागतात. म्हणून एर्मांस झुडपाला वीतभर खोड ठेवी, वर आठ फांद्यांची परडी करी, मध्ये ऊन उतरायला जागा ठेवी, आणि वर्षाला फार तर एक म्हातारी फांदी काढून तिच्या जागी एक तरणी येऊ देई. कासिस ही ग्रोझेईची काळी बहीण, पण स्वभाव अगदी उलटा. ती गेल्या साली फुटलेल्या कोवळ्या काडीवर फळते. म्हणून कासिसवाले जुने लाकूड दर हिवाळ्यात मुळाशी छाटून टाकतात, आणि तेच त्यांचे कसब.

एर्मांसचा जावई कासिसवाल्यांचा होता.

रोलाँ त्याचे नाव. बर्गंडीच्या टेकड्यांतला. बापाच्या शेतावर दोनशे कासिस. इकडे रेल्वेच्या कारखान्यात मुकादम म्हणून आला, एर्मांसच्या एकुलत्या एक मुलीशी, सोलांजशी त्याचे लग्न झाले, आणि आन्सेल्म गेल्यावर दोघे घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. माणूस वाईट नव्हता. पहाटे उठून चूल पेटवी, सासूचे कोळसे वर आणून देई. फक्त त्याला सगळे येत होते. छप्पर कसे शाकारावे, ससा कसा सोलावा, चीज कुठल्या फडताळात ठेवावे, हे तो न विचारता सांगे. आणि सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबे, शाबासकीसाठी.

ऑक्टोबरात एर्मांस तळघराच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. सदुसष्टाव्या वर्षी हाड लवकर जुळत नाही. इस्पितळ, मग टेकडीपलीकडचे शुश्रूषागृह, असा हिवाळा गेला. तिने सोलांजला प्रत्येक भेटीत सांगितले, "झाडांना हात लावू नका. फेब्रुवारीत नाही छाटली तर नाही छाटली. एक वर्ष काही होत नाही." सोलांज मान हलवी आणि गालात हसे. त्या हसण्यात काहीतरी लपवलेले होते, हे एर्मांसला कळायला हवे होते. तिला वाटले, पोरगी आईला बरे वाटतेय म्हणून खूश आहे.

मार्चच्या एका दुपारी तिला घरी आणले. काठी घेऊन ती फाटकाशी उतरली, तर सोलांजने मागून येऊन तिचे डोळेच झाकले.

"आई, थांब हं. हळू. एक पायरी. अजून एक. आता उघड!"

रोलाँ झुडपांपाशी उभा होता. टोपी हातात, कोट रविवारचा.

एर्मांसने पाहिले. बराच वेळ पाहिले.

"बाकीचं कुठे आहे?" तिने विचारले.

"काय बाकीचं, आई?"

"माझी झाडं."

रोलाँ मोठ्याने हसला. "हीच की तुमची झाडं! जुनं सगळं काढून टाकलं. काळं पडलं होतं हो, शेवाळ धरलेलं. आत हात घालायला जागा नव्हती. दोन गाड्या भरून निघालं. जाळलं तेव्हा धूर पार खालच्या पुलापर्यंत."

"जाळलंस."

"मग काय करणार होतो त्याचं?"

बारा जागी चार-चार, पाच-पाच गुळगुळीत, भुऱ्या काड्या उभ्या होत्या. परडी नव्हती, फांदी नव्हती. खोडांवर करवतीच्या गोल जखमा, हिवाळ्याने करड्या पडलेल्या. काम नीटनेटके होते. एक काडी चिरलेली नव्हती, एक काप वाकडा नव्हता. कासिसचा मळा असता तर त्या कामाला बक्षीस मिळाले असते.

"रोलाँ," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका शांत होता की सोलांजने टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले, "हे तुमच्याकडे कासिसला करतात."

"झुडूप ते झुडूप, आई. मी सहा वर्षांचा असल्यापासून कात्री धरतोय."

"सहा वर्षांच्या पोराला कुणी शिकवलं नाही का, की ज्याचं झाड त्याला विचारावं?"

"आई!" सोलांज रडकुंडीला आली. "तीन रविवार राबला गं तो. बर्फात. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून कुणाला बोलला नाही. तू साधं 'छान' म्हणणार नाहीस?"

एर्मांस 'छान' म्हणाली नाही. ती काठी टेकत घरात गेली आणि स्वयंपाकघरात कोटासकट बसून राहिली.

इथून पुढे जे झाले ते मला आजही गिळता येत नाही. छाटली ती झाडे तिची, उन्हाळा बुडाला तो तिचा, आणि गल्ली उभी राहिली रोलाँच्या बाजूने. जो तो तिला सांगू लागला, त्याचा हेतू चांगला होता. डॉक्टर मांडी तपासता तपासता म्हणाले. पाद्रीबाबा प्रवचन झाल्यावर दाराशी थांबवून म्हणाले. पाववाल्याची बायको तर भर रांगेत म्हणाली, "कोलिन्योंबाई, असा जावई मिळायला नशीब लागतं. आमचा मेला साधी कुंडी उचलत नाही."

"हो का?" एर्मांस म्हणाली. "मग तुम्ही एकदा आजारी पडा. मी येऊन तुमची भट्टी फोडून ठेवते. मनापासून फोडीन, तीन रविवार लावीन. घरी आलात की मला केक द्या."

रांग हसली, पण पाववाल्याची बायको हसली नाही, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाले की म्हातारी कृतघ्न आहे, इस्पितळातून डोके बिघडवून आलीय. एखाद्याने लाथ मारली तर माणसाला ओरडता तरी येते. इथे पाठीवर हात फिरवत फिरवत घाव घातला होता, आणि ओरडली तर हीच वाईट.

एक उर्स्युल तेवढी हेतूबिताचे काही बोलली नाही. भिंतीपलीकडून तिने बारा झुडपे पाहिली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "गाढव."

"मोठ्याने म्हण."

"गाढव! अगं पण एर्मांस, मुळं जिवंत आहेत. या काड्या जुन्या होऊ देत. येत्या जुलैत नाही, पुढच्या जुलैत बघ."

"ते मला नको सांगूस. मला लोकांच्या तोंडाची काळजी वाटते. तोवर हे काय काय बोलतील."

त्या उन्हाळ्यात ती बागेत जितकी राबली तितकी तरुणपणीही राबली नसेल. वाकता येत नव्हते म्हणून लाकडी पेटीवर बसून झुडपापासून झुडपापाशी सरकत जायची. चुलीची राख बुंध्याशी पसरली. मुळे वरवर असतात म्हणून कुदळ न लावता हाताने तण उपटले. मे महिन्यात अळ्या पडल्या, त्या एकेक वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. उरलेल्या आणि नव्याने फुटलेल्या मिळून प्रत्येक झुडपाला आठ काड्या ठेवल्या, बाकीच्या काढल्या, आणि सुतळीने बाहेरच्या बाजूला ताणून नवी परडी बांधायला घेतली. रोलाँ कामावरून आला की फाटकाशी थांबून म्हणे, "बघा, कशी जोमात आलीत! कशामुळे?" ती मान वर करायची नाही.

जुलै आला. बारा झुडपांवर मिळून सूप पिण्याचा एक वाडगा भरला, तोही शिगोशीग नाही. भिंतीच्या पलीकडे उर्स्युलची चार झुडपे घोसांच्या भाराने जमिनीला टेकली होती. ती चारही एर्मांसनेच दिलेल्या काड्यांची, एकाच रक्ताची.

त्या सालच्या जुलैत गल्लीत दोन मुले जन्मली आणि एकाही घरी बरणी गेली नाही. एर्मांसने पिसे धुऊन मोहरीच्या डब्यात ठेवून दिली.

रविवारी जेवायला बसल्यावर, बटाटे वाढून झाले तसे रोलाँने घसा साफ केला.

"आई, एक बोलू? रागावू नका. झाडांचा दम संपलाय. मी केलं तेवढं केलं, पण म्हाताऱ्या मुळाला कोण काय करणार? वाडगाभर फळासाठी तुम्ही मांडी मोडलेली असताना दिवसभर उन्हात बसता. मी नि सोलांजनं ठरवलंय, नोव्हेंबरात ती काढून टाकू. तिथं सिमेंट घालतो. हिवाळ्यात गल्लीत बर्फ होतं, गाडी लावायला जागा नाही. तुमच्यासाठी कोपऱ्यात दोन कासिस लावतो. चांगल्या जातीच्या, गावाहून आणतो."

एर्मांसने काटा खाली ठेवला. "ऊठ."

"काय?"

"ऊठ, जावईबुवा. चल माझ्याबरोबर."

तिने त्याला भिंतीपाशी नेले. त्याच्या तोंडात अजून बटाटा होता. "ते बघ. उर्स्युलची. माझ्याच काड्या. तिच्या फांद्यांना हात लाव, कुठल्या फांदीला फळ आहे सांग. काळ्या की भुऱ्या?"

उर्स्युल तिकडे कोंबड्यांना दाणे टाकत होती. ती म्हणाली, "लाव की हात. चावत नाहीत."

रोलाँने हात लावला नाही. खांदे उडवले. "तिची माती वेगळी आहे. तिकडे ऊन जास्त पडतं."

"भिंत एक, टेकडी एक, सूर्य काय दोन ठेवलेत का देवानं?"

"आई, मी दोनशे झाडांवर वाढलोय. मला झाड मेलेलं कळतं."

"मग एक वर्ष थांब. फक्त पुढचा जुलै. तेव्हा घोस नाही लागले तर मी स्वतः तुला कुऱ्हाड आणून देते, आणि भर गल्लीत म्हणते, रोलाँ खरा."

इतकी सरळ मागणी होती ती. एक वर्ष. कुणाचे काय जाणार होते? गाडी तोवर खाली चौकात लागतच होती. पण थांबायचे म्हणजे आपण चुकलो असू शकतो एवढे तरी मानायचे, आणि तेवढे मानायला त्या माणसाकडे जागा नव्हती.

"तुम्ही दरवर्षी पुढचा जुलै म्हणाल," तो म्हणाला आणि जेवायला परत गेला.

संध्याकाळी सोलांज आईच्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसून चादरीच्या सुरकुत्या काढत राहिली. आन्सेल्म गेला तेव्हा नोटरीच्या सांगण्यावरून घर मुलीच्या नावावर केले होते. पुढे त्रास नको म्हणून. एर्मांसने तेव्हा कागद वाचलाही नव्हता.

"आई, तो खूप दुखावलाय गं. सगळ्यांसमोर तू त्याला बोलतेस. मला मध्ये राहून राहून कंटाळा आलाय. आणि घर... कागदावर माझं आहे. मला हे बोलायला लावू नकोस."

"बोललीस की," एर्मांस म्हणाली.

सोलांज वर जायला उठली. तिने आईच्या कपाळावरून हात फिरवला, आणि एर्मांसने तो फिरवू दिला, याचा तिला नंतर बरेच दिवस स्वतःचाच राग येत होता. आपल्या बागेत मांडीवर बसवून जिला पहिला घोस खायला शिकवला, तिने कागद दाखवावा? आणि कशासाठी, तर गाडीपर्यंत चार पावले कमी चालावी लागावीत म्हणून?

पाने गळली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सगळ्या संतांचा सण होऊन कबरींवरची फुले अजून ताजी होती तेव्हा, ती दोन दिवस बागेत बसली. प्रत्येक झुडपाची त्या साली फुटलेली काडी निवडायची, हातभर कापायची, खालचे डोळे नखाने काढून टाकायचे म्हणजे पुढे बुंध्याशी फुटवे येत नाहीत. प्रत्येक झुडपाच्या पाच. साठ काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून तिने पायरीशी ठेवल्या. सोलांजने खिडकीतून पाहिले आणि रोलाँला म्हणाली, "लावू दे बिचारीला कुंड्यांत. तेवढाच विरंगुळा."

शनिवारी सकाळी बातिस्त आला. मागच्या वाटेने छोटा ट्रॅक्टर, ट्रॅक्टरला साखळी. गावातले नळ, गटारे, बुंधे, काय खणायचे ते तोच खणे. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा. त्याची आई एर्मांसच्या शेजारी बसून वर्षानुवर्षे पिसाने बिया काढायची, आणि हा टेबलाखाली बसून फुटके दाणे खात मोठा झालेला.

त्याने टोपीला हात लावला. "कोलिन्योंबाई, ओढू?"

"मला नको विचारूस. मालकाला विचार."

रोलाँ रबरी बूट घालून उभा होता. त्याने मान हलवली. साखळी पहिल्या झुडपाच्या बुंध्याला बसली, ट्रॅक्टर गुरगुरला, जमिनीतून कापड फाटल्यासारखा आवाज आला आणि झुडूप वर आले. मुळे पिवळी, ओली, केसांसारखी दाट. मातीचा ढेकूळ त्यांनी मुठीत धरल्यासारखा धरला होता.

बातिस्तने इंजिन बंद केले. खाली उतरला, झुडूप उचलले, एक फांदी वाकवून डोळ्यांजवळ नेली. मग ती रोलाँपुढे धरली.

"साहेब, हे मेलेलं नाही."

"मुळं जिवंत असतील. फळाचं बोलतोय मी."

"फळाचंच बोलतोय. हे बघा." बातिस्तच्या मळक्या अंगठ्याखाली, आता दोन वर्षांच्या झालेल्या, काळपटायला लागलेल्या लाकडावर कळ्यांचे गुच्छ होते. एकाशेजारी एक, फुगीर, टपोरे. वीतभर अंतरात पाच गुच्छ. "ही पुढच्या जुलैची तयारी आहे. प्रत्येक फांदीवर आहेत. माझी आई असती तर तुम्हाला घोस मोजून सांगितले असते."

रोलाँने फांदी हातात घेतली. तो झाडांत वाढलेला माणूस होता. पानाची कळी कुठली आणि फळाची कुठली, हे त्याला दोनशे झुडपांनी शिकवले होते. त्याने त्या गुच्छांवरून बोट फिरवले, मग उरलेल्या अकरा झुडपांकडे पाहिले. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याला कळले. बातिस्तला दिसले की त्याला कळले, खिडकीतून सोलांजला दिसले. एर्मांस तर दुसरे काही पाहतच नव्हती. आठ महिने ती या एका क्षणासाठी थांबली होती. आता तो म्हणेल, राहू दे. एवढेच म्हणेल, माफीसुद्धा नको.

ट्रॅक्टरचे तापलेले लोखंड टकटक वाजत होते. भिंतीपलीकडे उर्स्युलचा झाडू थांबला होता.

"माणूस बोलावलाय," रोलाँ म्हणाला. "सिमेंट सोमवारी येणार आहे. आता मागे काय फिरायचं." आणि फांदीकडे बघतच म्हणाला, "ओढ."

बातिस्त हलला नाही. त्याने एर्मांसकडे पाहिले.

"ओढ बाबा," ती म्हणाली. "तुझं काम आहे." मग ती काठी टेकत जावयापुढे येऊन उभी राहिली. तो तिच्यापेक्षा दोन डोकी उंच होता, पण त्या वेळी तसे वाटत नव्हते.

"रोलाँ, गेल्या हिवाळ्यात तू केलंस ती चूक होती. चुकीसाठी मी तुला आठ महिने घालून पाडून बोलले, सगळ्या गल्लीसमोर. त्याबद्दल आज माफी मागते. माणूस चुकतो." तिने श्वास घेतला. "पण आज तुला दिसलं. तुझ्या हातात आहे ते, आणि तरी तू ओढ म्हणालास. याला माझ्याकडे शिवी नाही. शोधली, सापडली नाही."

"आई, थंडी आहे, आत जा," तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

ती आत गेली खरी. सोलांज स्वयंपाकघरात उभी होती, ओले हात एप्रनला पुसत, पुन्हा पुन्हा पुसत. "आई, मी त्याला सांगते, थांब. मी बोलते." पण बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला, आणि ती जागची हलली नाही. एर्मांसने खुंटीवरचा कोट घातला, वर शाल बांधली. फडताळातून मोहरीचा डबा घेतला, आन्सेल्मचा फोटो घेतला, आणि रात्रीचा झगा वर्तमानपत्रात गुंडाळला.

"कुठे निघालीस?"

"जिथं मला विचारल्याशिवाय कुणी काही कापणार नाही तिथं."

"अगं, असं काय करतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. आठ महिने म्हणताहेतच." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "तुझ्यावर राग धरून मरायचं नाही मला, सोलांज. तुला वाटेल तेव्हा ये. त्याला आणू नकोस."

भिंतीपाशी जाऊन तिने हाक मारली, "उर्स्युल! तुझी वरची खोली रिकामी आहे ना?"

"बटाटे आहेत तिथं."

"बटाटे खाली आण. आणि कोंबड्यांच्या मागची ती लांब पट्टी, तिथं काही लावू नकोस."

"तिथं साठ मावतील का गं?" उर्स्युलने विचारले. तिने सगळे मोजून ठेवले होते.

"मावतील. फळ यायला चार वर्षं लागतील."

"मग काय घाई आहे आपल्याला?"

एर्मांसने पायरीवरची गोणपाटाची मोळी उचलून खांद्याला लावली. ओल्या गोणपाटाचे पाणी कोटावर उतरले. बातिस्त इंजिन बंद करून मदतीला पुढे झाला, तिने मानेनेच नको म्हटले. फाटकातून बाहेर, गल्लीत, आणि मग चढावर उर्स्युलच्या फाटकाकडे. एरवी वीस पावलांचे अंतर. मोडलेल्या मांडीने, काठी आणि मोळी सांभाळत तिला ते बरेच लांब पडले. दोनदा ती भिंतीला टेकून थांबली, पण मान मागे वळवली नाही.

पाववाल्याची बायको दुकानाच्या दारात आली होती. हातातला पाव तिने तसाच धरून ठेवला होता. सोलांज खिडकीशी होती, एक हात कडीवर, आणि कडी तिने उघडली नाही. रोलाँ उपटलेल्या झुडपापाशी उभा होता आणि स्वतःच्या पायांकडे पाहत होता. बातिस्त टोपी छातीशी धरून ट्रॅक्टरवर बसला होता, आणि चढावरून ती उर्स्युलच्या फाटकात वळून दिसेनाशी होईपर्यंत त्याने इंजिन पुन्हा सुरू केले नाही.